'राईट ब्रेन' पोरगा आणि साडेतीन बाय अडीचचा फ्लेक्स : एका विद्यार्थ्याचं पूर्ण प्रकरण

मी सांगलीत विश्रामबागला आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, एकोणीस वर्षं झाली. हे प्रकरण एका पोराचं आहे, जून २०२४ ते एप्रिल २०२५, म्हणजे त्याचं आठवीचं अख्खं वर्ष. आईवडिलांना विचारून लिहितेय, नाव घालत नाही. घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात, मी पण इथं बारक्याच म्हणते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याची आई त्याला घेऊन आली, हातात स्पायरल बाईंडिंगची जाड फाईल. मला वाटलं सातवीच्या उत्तरपत्रिका असतील. ते निघालं बोटांच्या ठशांवरून काढलेला मेंदूचा रिपोर्ट, डीएमआयटी म्हणतात ना तो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका हॉलमध्ये शिबिर होतं, तिथं दहाही बोटं स्कॅनरवर ठेवली, साडेचार हजार भरले आणि आठवड्यानं चाळीस पानांचं रंगीत पुस्तक हातात आलं. एका पानावर मेंदूचं मोठं चित्र, डावी बाजू निळी, उजवी केशरी, डावा ३८ टक्के उजवा ६२ टक्के. खाली लिहिलेलं की मुलगा राईट ब्रेन डॉमिनंट आहे, कल्पक आहे, चित्रांतून शिकतो, आकडे आणि तर्क हे त्याचं नैसर्गिक क्षेत्र नाही, पुढं कला शाखेचा विचार करावा.

आई म्हणाली, "मॅडम, ह्याचा डावा मेंदू कमी चालतोय म्हणं. आधी कळलं असतं तर गणितावरनं एवढं मारलं नसतं ओ मी त्याला."

हे वाक्य मी वर्षभर विसरले नाही. त्या रिपोर्टनं त्या बाईला काय दिलं होतं ते ह्या एका वाक्यात आहे. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, पोरगा मुद्दाम करत नाही, आळशी नाही, त्याचा मेंदूच तसा आहे. आणि बारक्यानं पण ते उचललं होतं. पहिल्याच आठवड्यात गणित चुकलं की तो शांतपणे सांगायचा, "मॅडम, माझा राईट ब्रेन आहे." उद्धटपणा नव्हता त्यात, चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगायचा.

चित्रं मात्र खरंच भारी काढतो. वडिलांचं शंभर फुटी रोडला फ्लेक्सचं छोटं दुकान आहे, गणपतीत मंडळाच्या मागच्या पडद्याचं डिझाईन तो वडिलांबरोबर बसून करतो, वहीच्या शेवटच्या पानांवर गदा, सिंह, बुलेट गाड्या, सगळं. त्यामुळं रिपोर्ट बरोबर आहे असं कुणालाही वाटेल, मलाही अर्धं वाटलंच.

मी लगेच नाही का म्हटलं नाही

ह्याला कारण माझे वडील. २०१६ ला त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, मिरजेला दवाखान्यात होतो सतरा दिवस. उजवा हात पाय गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग सांभाळतो आणि बहुतेकांची भाषाही डाव्याच बाजूला असते, म्हणून दोन्ही एकदम गेलं. पाणी हवंय हे त्यांना सांगता यायचं नाही, पण संध्याकाळी आईनं आरती सुरू केली की ते शब्दासकट म्हणायचे, पहिलं कडवं अख्खं. आम्ही सगळे रडलो होतो. नंतर वाचताना कळलं की असं बऱ्याच पेशंटमध्ये होतं, चाल लावून म्हटलेलं, पाठ झालेलं, एक दोन तीन चार असं ओळीनं येणारं टिकून राहतं आणि स्वतःहून जुळवायचं बोलणं जातं. १९७३ पासून गाण्याच्या चालीवर बोलायला शिकवायची एक उपचारपद्धती पण आहे.

त्यामुळं डावा उजवा हा फरक खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरनं असाच एक पेशंट तपासला होता, त्याला फक्त 'टॅन' एवढंच बोलता यायचं, मेल्यावर मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. उजव्या हातानं लिहिणाऱ्या शंभरातल्या सुमारे पंच्याण्णवांची भाषा मुख्यतः डावीकडं असते, डावखुऱ्यांमध्ये पण सत्तरेक जणांची डावीकडंच. उजव्या बाजूला इजा झाली तर काही पेशंट ताटातलं डावीकडचं जेवण तसंच ठेवतात, त्यांना दिसत नाही असं नाही, तिकडं लक्षच जात नाही. बोलण्यातला सूर, चेहरा ओळखणं, जागेचा अंदाज ह्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा.

पण हे सगळं कुठलं काम कुठं चालतं ह्याबद्दल झालं. एखादा माणूसच डाव्याचा किंवा उजव्याचा असतो, हे ह्यातून निघत नाही. हा फरक मला तेव्हा शब्दात मांडता आला नसता, खरं सांगते. उलट काही वर्षांपूर्वी पालकसभेत मीच म्हटलं होतं की काही मुलं डाव्या मेंदूची असतात, त्यांना पाठांतर जमतं. कुठंतरी ऐकलेलं पुढं ढकललेलं. शिक्षकांमध्ये हे सगळीकडंच आहे, २०१२ मध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या २४२ शिक्षकांना विचारलं होतं तेव्हा इंग्लंडमधल्या ९१ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ८६ टक्के शिक्षकांना वाटत होतं की मुलं वेगवेगळी शिकतात त्याचं एक कारण डाव्या उजव्या मेंदूचं वर्चस्व.

जुलै : रिपोर्टप्रमाणे शिकवून बघितलं

आईनं विनंती केली म्हणून आणि मलाही बघायचंच होतं म्हणून जुलैचा महिना मी त्याला रिपोर्टमध्ये लिहिल्यासारखं शिकवलं. अपूर्णांक म्हटलं की वर्तुळ काढायचं, भाग करायचे, रंगवायचे. समीकरण म्हटलं की तराजू. शब्द कमी चित्र जास्त.

बारक्या खूश. वही बघण्यासारखी झाली, वर्तुळात सावली देऊन भाकरीचे तुकडे काढायचा, एकेका चित्राला वीस मिनिटं. आणि महिन्याच्या शेवटी वीस गणितांची चाचणी घेतली तर सात बरोबर. जूनला सहा होती.

मग मी ती तेरा चुकलेली गणितं घेऊन बसले. हे मी आधीच करायला पाहिजे होतं. तेरामधली सहा अपूर्णांकावर अडकलेली, चार उणे चिन्हावर, दोन ठिकाणी प्रश्नच अर्धा वाचलेला, एक सोडून दिलेलं. म्हणजे 'गणित येत नाही' असं काही नव्हतंच, दोन जागी खड्डा होता आणि आठवीतलं जवळजवळ प्रत्येक गणित त्या दोनपैकी एका खड्ड्यावरून जातं. बैजिक राशी असो नाहीतर चक्रवाढ व्याज, बिचारा प्रत्येक वेळी तिथंच पडायचा आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हा नवीन धडा पण येईना.

दुकानातला दिवस

ऑगस्टमध्ये शिकवणीचा नवीन बोर्ड करायचा होता म्हणून त्यांच्या दुकानात गेले. वडील डिलिव्हरीला गेलेले, काउंटरला बारक्या, मागं खुर्चीत त्याची आज्जी.

"किती बाय किती मॅडम?"

"साडेतीन बाय अडीच."

त्यानं वर छताकडं बघितलं, दोन सेकंद. "पावणेनऊ फूट. वीसनं एकशे पंच्याहत्तर. रिंगा लावायच्या का?"

मी तिथंच उभी राहिले. ७/२ गुणिले ५/२ वहीत घातलं तर हा पोरगा अर्धा तास घाम गाळतो. म्हटलं, बारक्या, कसं केलंस सांग बघू. तो म्हणाला, "तीन अडीच साडेसात. राहिला अर्धा. अडीचचा अर्धा सव्वा. साडेसात न् सव्वा पावणेनऊ." कंस सोडवणं म्हणतात ते हेच की! तीन आणि अर्धा वेगळे केले, दोघांना अडीचनं गुणलं, बेरीज केली. कॅल्क्युलेटर शेजारीच पडलेला, हात पण लावला नाही.

आज्जी मागनं म्हणाली, "अडीचकी मी शिकीवलीया त्याला." आज्जी तीसएक वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर कामाला होती, शाळा चौथी, पण पावकी निमकी पाऊणकी सवायकी दीडकी अडीचकी सगळी पाठ. मला म्हणून दाखवली, तीन दीड साडेचार, पाच दीड साडेसात, आवाजाला असा झोका देऊन. ही कोष्टकं आता शाळेत कोण शिकवत नाही, मला स्वतःला पाऊणकीच्या पुढं येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिकवणीत त्याला विचारलं, ७/४ मोठे का ५/२? म्हणाला ७/४, सात मोठे ना. मग विचारलं, पावणेदोन मोठे का अडीच? तो हसायलाच लागला, मॅडम काय विचारता. म्हटलं हे तेच आहे. ७/४ म्हणजे पावणेदोन, ५/२ म्हणजे अडीच. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, कुणीतरी रोजच्या बघण्यातला माणूस वेगळ्या कपड्यात भेटावा तसा. "मग हे पुस्तकात असं का लिहित्यात?"

तर प्रकरण इथं फुटलं. बारक्याच्या मेंदूत अपूर्णांक होते, चांगले मुरलेले होते, पण ते सव्वा दीड पावणेदोन ह्या शब्दांत आणि दुकानाच्या मापांत होते. आडव्या रेघेच्या वर खाली लिहिलेले दोन आकडे ही त्याच्यासाठी दुसरीच भाषा, तिचा ह्या शब्दांशी पूल कधी बांधलाच गेला नाही. का नाही, ते पण नंतर आईशी बोलताना कळलं. अपूर्णांक पक्के व्हायची वर्षं म्हणजे चौथी पाचवी, आणि त्याची चौथी म्हणजे २०२०-२१, पूर्ण लॉकडाऊनची. पाचवीचा पण बराच भाग मोबाईलवर, आणि घरात मोबाईल एकच, तो दुकानात ऑर्डरी घ्यायला. चाळीस पानांच्या रिपोर्टमध्ये ह्याबद्दल एक ओळ नव्हती, बोटाच्या ठशात लॉकडाऊन कुठनं दिसणार.

मग मेंदूत खरं काय चालतं

हे मी नंतर दोन तीन महिने जमेल तसं वाचलं, पुढं पालकांना सांगायचं होतं म्हणून नीट वाचलं.

डावा उजवा मेंदू हे लोकांच्या तोंडी आलं ते रॉजर स्पेरी ह्या अमेरिकेतल्या मेंदू संशोधकांच्या कामातनं. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा एक जाड पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम, त्यात सुमारे वीस कोटी तंतू. १९६० च्या दशकात अमेरिकेत काही जणांच्या फिट कशानंच थांबेनात म्हणून डॉक्टरांनी हा पट्टा कापला, फिटचं वादळ एका बाजूकडनं दुसरीकडं जाऊ नये म्हणून. स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी गॅझानिगा ह्यांनी ह्या लोकांवर प्रयोग केले. नजर समोर ठेवून डाव्या बाजूला एखाद्या वस्तूचं चित्र क्षणभर दाखवलं की ते उजव्या अर्धगोलात जातं, तिथं बोलता येत नाही, म्हणून माणूस म्हणतो मला काहीच दिसलं नाही, पण त्याचाच डावा हात पडद्यामागच्या वस्तूंतून बरोबर ती वस्तू उचलतो! १९८१ ला स्पेरींना नोबेल मिळालं ते ह्याच कामासाठी.

पण अहो, हे त्या लोकांचं आहे ज्यांचा पट्टा कापलेला होता. आपल्या पोरांचा पट्टा शाबूत आहे, ते वीस कोटी तंतू सारखे इकडचं तिकडं नेतात. आणि गणितापुरतं बघितलं तर चित्र आणखी गुंतलेलं आहे. 'साती आठे छप्पन्न' हे पाठ असलेलं उत्तर भाषेला चिकटून येतं, ते बहुतेकांत डावीकडनं. पण छप्पन्न म्हणजे साधारण किती, पन्नासपेक्षा किती पुढं, हा जो अंदाज आहे त्याला दोन्ही बाजूंचे डोक्याच्या वरच्या मागच्या अंगाचे भाग लागतात, पार्श्विक भाग म्हणतात त्यांना. लिहिलेला आकडा ओळखणं पण दोन्ही बाजूंना जमतं. पट्टा कापलेल्या लोकांत दिसलं की नेमकी आकडेमोड डावा अर्धगोल करतो, पण दोन आकड्यांतला मोठा कुठला हे एकटा उजवाही सांगतो. स्टॅनिस्लास डेहाने ह्या फ्रान्सच्या मेंदू संशोधकांनी ह्याच तीन रूपांची मांडणी केली, बोललेला आकडा, लिहिलेला आकडा आणि आकड्याचं मोठेपण, आणि शिकणं म्हणजे ह्या तिघांतल्या वाटा रुळणं.

मला तर हे वाचताना बारक्याच दिसत होता. बोललेला अडीच आहे, त्याचं मोठेपण माहितेय, लिहिलेला ५/२ एकटा पडलाय. (आपल्याकडं २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवा, तो वाद पण ह्याच जागेचा, बोललेला आकडा आधी सात म्हणतो आणि लिहिलेल्यात आधी दोन येतो.)

आणि माणूस डाव्या मेंदूचा का उजव्या मेंदूचा हे थेट तपासलेलं पण आहे. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १०११ जणांचे मेंदूचे स्कॅन बघितले. काही कामांची जाळी एका बाजूला जास्त जोडलेली दिसली, पण एखाद्या माणसाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा मेंदू जास्त जोरात आहे असं दिसलं नाही. 'हा चित्रातून शिकतो, ती ऐकून शिकते' ह्याचं पण तसंच. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळून सांगितलं की मुलाची शैली ओळखून त्या शैलीत शिकवलं तर जास्त येतं ह्याला पुरेसा पुरावा नाही.

बोटांच्या ठशांचं तर सरळच आहे. ते आईच्या पोटात साधारण दहाव्या आठवड्यापासून बनायला लागतात आणि जन्माच्या कितीतरी आधी पक्के होतात, नंतर पोरगं काय शिकलं काय नाही ह्याचा त्यावर ओरखडा उठत नाही. काही जनुकीय आजारांत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात हे डॉक्टरांना माहीत आहे, तेवढ्या खऱ्या गोष्टीच्या आधारावर हे सगळं दुकान उभं केलंय. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं सुद्धा डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलंय. माझा राग ह्यावर आहे आणि मी तो लपवत नाही, साडेचार हजार म्हणजे त्या घरातली दोन आठवड्यांची कमाई असेल.

पूल बांधायचं काम

सप्टेंबरपासून आम्ही एक वही केली, चार रकाने. बोली, अपूर्णांक, दशांश आणि चित्र. पावणेदोन, ७/४, १.७५ आणि पावणेदोन फुटाची पट्टी. एक रकाना भरलेला द्यायचा, बाकीचे तीन न बघता भरायचे, मग तपासायचे. रोज पंधरा मिनिटं, दोन दिवसांनी परत तेच मागचे, आठवड्यानं परत. वाचून काढण्यापेक्षा आठवून काढलेलं जास्त टिकतं हे मात्र पक्कं सिद्ध झालेलं आहे, वर्गात पण बघितलंय.

हे मी एकट्या बारक्याला दिलं नाही, अकरा जणांच्या अख्ख्या बॅचला दिलं. आणि चित्राचा रकाना सगळ्यांना उपयोगी पडला, बोलीचा पण सगळ्यांना. त्यातल्या दोघांना तर पावणेदोन म्हणजे किती हेच माहीत नव्हतं, इंग्रजी माध्यमाची पोरं, त्यांना बारक्यानं शिकवलं.

उणे चिन्हासाठी कृष्णाच कामाला आली. सांगलीत पावसाळ्यात प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे इथल्या लहान पोराला पण पाठ असतं. मी फळ्यावर ४५ ला शून्य धरलं. ३८ फूट म्हणजे उणे ७. ४२ म्हणजे उणे ३. २०१९ ला ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं होतं, म्हणजे अधिक १२. बॅचमधल्या दोघींच्या घरात तेव्हा पाणी शिरलेलं, त्या दुसरी तिसरीत होत्या, त्यांना ते अधिक १२ समजवायला लागलं नाही. मग विचारलं, सकाळी उणे ७ होतं रात्री उणे ३ झालं, किती चढलं? सगळे ओरडले चार. ते लिहिलं, (-३) - (-७) = ४. वजा वजा अधिक का होतं हे मी एकोणीस वर्षं नियम म्हणून सांगत आले होते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑक्टोबरच्या सत्र परीक्षेत त्याला चाळीसपैकी सतरा, सातवीपेक्षा बरे पण आईचा चेहरा पडला. आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त मार्क गेले ते भूमितीत! चौकोनाच्या रचना त्यानं छापल्यासारख्या काढल्या, पण दोन त्रिकोण एकरूप आहेत हे लिहिताना कुठला शिरोबिंदू कुणाच्या जोडीचा हे उलटंपालटं. रिपोर्टप्रमाणं भूमिती हा त्याचा हुकमी विषय असायला पाहिजे होता. पण आकृती हातानं काढणं, डोक्यात फिरवून बघणं आणि ते कारणासकट शब्दात लिहिणं ही तीन वेगळी कामं आहेत, एक येतं म्हणून दुसरं आपोआप येतं असं नाही.

ह्याच बॅचमधली एक मुलगी, तिचा पण रिपोर्ट त्याच शिबिरातला, ती 'लेफ्ट ब्रेन'. तिला एलिमेंट्री ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचं होतं, घरच्यांनी फॉर्म भरू दिला नाही, रिपोर्टमध्ये कला दाखवत नाही म्हणून. बीजगणित पटापट करायची पण गणितात वर्णन आलं की कागदावर साधी आकृती काढून बघायची तिला सवयच नव्हती, तिथं ठेचकाळायची. बारक्याचं नुकसान झालं त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष गेलं, हिचं नुकसान मार्कांत दिसत नाही म्हणून कुणाला दिसलं नाही, मलाही उशिरा दिसलं.

आईशी बोलणं

दिवाळीनंतर बारक्याच्या आईला बोलावलं. वरचं सगळं सांगितलं, त्याची चुकांची वही दाखवली, दुकानातला पावणेनऊ फुटाचा किस्सा सांगितला. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे मेंदूचं काय नव्हतं. मग मी मारलं ते मारलंच की ओ मॅडम."

ह्याला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणू शकले की ताई, लॉकडाऊनला दुकान चालवायचं का पोराला मोबाईल द्यायचा हे ठरवायची वेळ तुमच्यावर आली, ह्यात तुमचा काय दोष, आणि खड्डा कुठं आहे हे आता आपल्याला माहितेय. ती रडली थोडी. मग विचारलं की घरी काय करू. म्हटलं आज्जींना सांगा, रोज जेवताना पाच अडीचकीचे प्रश्न विचारायचे आणि त्यानं ताटाशेजारच्या पाटीवर अपूर्णांकात लिहून दाखवायचे. आज्जींना लिहिलेले अपूर्णांक वाचता येत नव्हते, तर डिसेंबरपर्यंत त्या पण शिकल्या, नातवाकडनं.

जानेवारीत परत वीस गणितांची चाचणी घेतली, त्याच पद्धतीची. चौदा बरोबर. चुकलेल्या सहामध्ये अपूर्णांकाचं एक, उणे चिन्हाची तीन, दोन नवीनच ठिकाणी. वार्षिक परीक्षेला चाळीसपैकी सव्वीस.

'माझा राईट ब्रेन आहे' हे तो कधी म्हणायचा थांबला ते मला नेमकं सांगता येणार नाही, डिसेंबरच्या आसपास असावं. फेब्रुवारीत एकदा फळ्यावर गणित चुकलं तेव्हा स्वतःच म्हणाला, "थांबा मॅडम, चिन्ह गेलं बहुतेक," आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बरोबर तिथंच गेलं होतं.

आईचा एक प्रश्न अजून आहे, आर्ट्सला घालायचं का सायन्सला. दहावीला दोन वर्षं आहेत, मी म्हटलं आत्ता नको ठरवूया. ती मुलगी नववीत एलिमेंट्रीला बसतेय, तिच्या बाबांना मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा ते हो म्हणाले. बारक्या आता बहुपदींवर आलाय, उणे चिन्ह अजून कंसातून बाहेर येताना हरवतं, रविवारच्या चाचणीत दोनदा हरवलं. चार रकान्यांची दुसरी वही सुरू केलीय आम्ही.